आत्या झालेले जनूकाका

वादळ येणार अशी बातमी लागली, की जनूकाका दाढी करायचे. एरवी आठवड्यातून एकदा, तीही मालूकाकींनी दोनदा टोकल्यावर. पण समुद्रात कुठे तरी कमी दाबाचा पट्टा तयार झालाय एवढं टीव्हीवर ऐकलं, की ते ओट्यावरच्या खुंटीला आरसा टांगणार, गालांना फेस फासणार, आणि मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पश्चिमेकडे तोंड करून खुर्ची टाकणार. "एवढ्या लांबून येतो बिचारा," म्हणायचे, "आपण गबाळ्यासारखं बसायचं?"

आत चुलीपाशी बसलेल्या काकी ऐकवायच्या, "माझ्या बापाच्या घरी मला बघायला आलात तेव्हा नव्हती हो केलीत दाढी."

"तेव्हा तुझी बातमी आधी टीव्हीवर कुठं लागली होती?" काका म्हणायचे.

आम्ही त्यांच्या वाडीतल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. वाणगाव स्टेशनकडून समुद्राच्या अंगाला येत गेलं की चिकूच्या वाड्या लागतात, त्यातली ही एक. पुढे काका-काकींचं स्लॅबचं घर, मागे आमची पत्र्याची खोली, मध्ये विहीर. माझा नवरा दत्ता तलासरीला हायवेवरच्या एका कंपनीत मशीनवर कामाला आहे. पहाटे डहाणूला जायचं, तिथून कंपनीची गाडी. परत येईपर्यंत दिवे लागलेले असतात. मी परभणीकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला इथलं कुणी माहीत नव्हतं, आणि मला भीती वाटत नाही अशी एकही गोष्ट माहीत नव्हती. त्यातही वाऱ्यापावसाची भीती जास्त. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. ओढ्याला पाणी आलं की बाबा जाऊ द्यायचे नाहीत. एका पावसाळ्यात पाणी उतरलं, पण माझी शाळा काही परत सुरू झाली नाही. त्यामुळे आभाळ भरून आलं की मी आधी दारं-खिडक्या लावून घ्यायचे. आणि घरमालक मिळाले ते असे.

काकांचं घर बघायला येणाऱ्या माणसाला आधी चहा नाही, आधी फेरी. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक वाकडातिकडा पत्रा टांगलेला आहे. लोकांच्या घरात तिथं देवाची नाही तर वडिलांची तसबीर असते. तो पत्रा एका वादळात कुणाच्या तरी गोठ्यावरून उडून आला आणि काकांच्या चिकूत अडकला. मालक शोधत आला, तर काकांनी त्याला नवीन पत्रा आणून दिला आणि हा ठेवून घेतला. "बघ कसा पिळलाय. कुठल्या मशीनला जमेल का? विचार दत्ताला." दाराशी एका होडीची फळी. विहिरीजवळ वीज पडून जळालेला, शेंडा नसलेला माड. तो पाडा म्हणून काकी किती वर्षं मागे लागल्यात. काका म्हणतात, "त्याला विजेनं हात लावलाय. आपण कोण पाडणारे?"

हे सगळं सांगताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की हा माणूस वेडा आहे असं मला वाटलं होतं. नंतर कळलं की त्याच वादळांत त्यांची कितीतरी झाडं आडवी झालेली आहेत. वडिलांनी लावलेली, पन्नास-साठ वर्षांची. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. रडतो पण. पण ते दुसऱ्या दिवशी." मग म्हणाले, "तो आलाय तेवढ्यात त्याला बघून तर घेऊ. रडायला नंतर वेळच वेळ आहे."

माझा पहिला वारा मला अजून आठवतो. दुपार होती. दत्ता कामावर. एकदम अंधारून आलं, नारळ वाकायला लागले आणि डोक्यावरचा पत्रा असा काही थडथडायला लागला, की मी सरळ कॉटखाली शिरले. कानात बोटं घातली. तेवढ्यात दार वाजलं.

"रेणू, आहेस का आत?"

मी कॉटखालूनच म्हटलं, "आहे."

"कुठनं बोलतेस गं? बरं, बस तिथंच. मी दारात बसतो." आणि खरंच, चिकूचं एक रिकामं क्रेट उलटं टाकून ते माझ्या दारात, बाहेर तोंड करून बसले. आणि क्रिकेटच्या मॅचचं सांगतात तसं सांगायला लागले. "हां, निघाला. समुद्राकडून निघालाय. आता बांधावरचे सगळे माड लोळवले. आता शाळेवर आला, शाळेचा झेंड्याचा खांब वाजतोय, ऐक. आता आपली वाडी. धर, धर, धर... आला!"

बरोब्बर 'आला' म्हणताना पत्रा हादरला.

"गेला! बघ, गेला पण. आपल्याला ओळखत पण नाही तो. दुसरा येतोय, हा जरा पोरकट दिसतो."

दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकाचं काहीतरी वेगळं. एक जाडा, एक घाईतला, एक नुसताच आरडाओरडा करणारा. चौथ्याच्या वेळी मी कानातली बोटं काढली. सातव्या-आठव्याला कॉटखालून डोकं बाहेर काढलं. काकांनी मागे न बघताच म्हटलं, "पत्र्याला हुक मी स्वतः मारलेत. तो कुठं जात नाही. दोन मिनिटं घाबरून घे, हक्क आहे तुझा. मग बघायला ये."

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी वीज बघितली. दारात, काकांच्या मागे उभी राहून, त्यांच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून. शर्टाची इस्त्री गेली.

पुढच्या वर्षी मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझी आई गेलेली, आणि भाऊ-भावजय वर्षातले सहा महिने ऊसतोडीला. माझं माहेर म्हणजे कुलूप. ते मी काकींना सांगितलं तेव्हा त्या चिकू निवडत होत्या. हातातला चिकू खाली न ठेवता म्हणाल्या, "मग इथं करू. त्यात काय!" जसं काही पाहुण्यांना एक वेळ जेवायला घालायचं आहे.

सासूबाईंनी मात्र फोनवर सगळं ठरवून टाकलं. "बाळंतपण व्हऊ दे तिथं. बारशाला मी न् सुनीता यीताव. सुनीता आत्या हाय, ती कानात नाव सांगंल, न् मग तुला न् लेकराला घिऊन गावाकडं. तिकडं वादळं येतेत, जमीन बी हलायली म्हणं. लेकरू तिथं ठिवायचं न्हाई." सुनीता म्हणजे माझी नणंद.

मी "हो" म्हटलं. खरं तर मनातून मला बरंच वाटलं. गावाकडे भिंती मातीच्या, जाड. समुद्र नाही. दत्ता त्या दिवशी जेवताना ताटातला भात नुसताच चिवडत होता. मग म्हणाला, "दिवाळीला रजा मिळंल मला. तवा बघीन लेकराला." आणि थोड्या वेळानं, "तू म्हणशील तसं." मला ते 'तू म्हणशील तसं' फार जड गेलं. कारण मलाच माहीत नव्हतं मी काय म्हणते ते.

मुलगी झाली. डहाणूच्या दवाखान्यात, मे महिन्याच्या शेवटाला, भर सकाळी. काका बघायला आले ते दारातच थांबले. काकींनी दुपट्यातून तोंड दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि मग एकदम उदास झाले.

"काय हो?" काकी घाबरल्या.

"काही नाही गं. ढग नाही, वारा नाही. एकदम सपाट दिवस. अशा दिवशी जन्माला आली बिचारी." मग बाळाकडे वाकून म्हणाले, "काळजी करू नको हं, बेटा. आपण भरून काढू."

बाजूच्या खाटेवरची बाई इतकी हसली, की नर्स ओरडली.

घरी आल्यावर रोज सकाळी ते आमच्या खोलीच्या खिडकीबाहेर उभे राहायचे. आत यायचे नाहीत, बाळंतिणीची खोली म्हणून. बाहेरूनच बाळाला हवामान सांगायचे. "मॅडम, आज दमट आहे. पातळ दुपटं चालेल. संध्याकाळी पूर्वेला गडगडेल, पण ते आपल्यासाठी नाही, ते डोंगराकडच्या लोकांसाठी आहे." वाडीत चिकू उतरवायला येणाऱ्या सोनीबाई बाळाला अंघोळ घालायच्या. त्या सायवनकडच्या, म्हणजे डोंगराकडच्याच. त्या आतून म्हणायच्या, "काका, आमच्याकडं गडगडू दे, पण मॅडमच्या अंघोळीचं पाणी निवतंय, तुम्ही निघा."

आणि बाराव्या दिवसाच्या आदल्या दिवशीच, जूनच्या तोंडावर, ते चक्रीवादळ निघालं.

टीव्हीवर लाल पट्टी. सरळ आमच्याकडे बाण. रिक्षावर भोंगा लावून माणूस फिरून गेला, कच्च्या घरांतल्यांनी पक्क्या घरात जावं म्हणून. गाड्या रद्द झाल्या. सासूबाई आणि सुनीताताई परभणी स्टेशनवरून परत गेल्या. फोनवर सुनीताताई रडत होत्या आणि मागून सासूबाईंचा आवाज, "म्या म्हणलंच हुतं! म्या म्हणलंच हुतं!"

काकांनी दाढी केली. पण त्या दिवशी ते खुर्चीवर बसले नाहीत. सकाळपासून वाडीतल्या एकेका झोपडीत जाऊन माणसं घरात आणत होते, म्हाताऱ्यांना स्वतः हाताला धरून. सोनीबाई, त्यांच्या सुना, नातवंडं, दोन शेळ्या, कोंबड्यांचा खुराडा, सगळं त्या स्लॅबच्या घरात. मलाही बाळासकट उचलून काकींच्या खोलीत ठेवलं. तीस-चाळीस माणसं झाली. काकींनी मोठं पातेलं चढवलं. मी एका कोपऱ्यात बाळाला छातीशी धरून बसले होते आणि माझं मन एकच म्हणत होतं: गावाकडे जायला हवं होतं, आधीच जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा थोडा वाढला. काका ओट्यावर गेले. दार लावून घेतलं होतं, त्याच्या फटीतून त्यांचा आवाज येत होता. "ये. ये. आलास?" पोरं फटीला डोळे लावून बसली होती.

मग वारा पडला. आभाळ पांढरं झालं. तासाभरानं टीव्हीवाला म्हणाला, वादळानं दिशा बदलली, आता ते समुद्रातच विरून जाणार.

घरात एकच गलका झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, सोनीबाईंच्या सुनेनं देवाला हात जोडले. काका आत आले. "बरं झालं," मोठ्यानं म्हणाले. "छान झालं. सगळ्यांची घरं वाचली. फार बरं झालं." मग माझ्याशेजारी येऊन बसले आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पण थोडं तरी."

त्यांचा पांढरा शर्ट, गुळगुळीत गाल आणि पडलेलं तोंड. काकींनी बघितलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "नवरदेवाची वरात दुसऱ्या गावाला गेली हो!"

सगळे हसले. काका पण हसले, पण उशिरा.

तेव्हा काकी म्हणाल्या, "रेणू, आज बारावा दिवस ना? एवढी माणसं घरात आयती आहेत. बारसं करून टाकू."

मी बाळाला आणखी घट्ट धरलं. आत्या नाही. आमच्याकडे आत्याशिवाय बारसं म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न. सासूबाई काय म्हणतील? लेकराला काही झालं तर? मी म्हटलं, "पण कानात नाव कोण सांगणार?"

"मी सांगितलं असतं," काकी म्हणाल्या, "पण मी तर आजी झालेय, दवाखान्यात मी तसं लिहूनच दिलंय." मग त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "ह्यांना करा आत्या. बघा ना, तोंड कसं झालंय. जरा बरं वाटेल."

बायका ओरडल्याच. "काका आत्या! काका आत्या!" सोनीबाई म्हणाल्या, "रोज खिडकीत येऊन बातम्या सांगतात, नाव पण सांगतील." काका "अरे, काय हे, मी बाप्या माणूस," म्हणत मागे सरकत होते. दत्ताला कंपनीनं सुट्टी दिली होती, तो दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. ते जुनं 'तू म्हणशील तसं' सगळ्यांच्या डोळ्यांत होतं.

माझ्या तोंडून बाहेर पडलं, "चालेल."

मीच दचकले. मला आठवत नाही, त्याआधी मी कुठल्या गोष्टीला असं पटकन 'चालेल' म्हटलं होतं.

मग धावपळ. पाळणा नव्हता, तर काकींच्या जुन्या साडीची झोळी बांधली. वरवंट्याला बाळाची टोपी घालून तो झोळीखालून फिरवला, एका बाईनं खाली बसून घेतला, दुसरीनं दिला. एवढ्या माणसांसाठी रात्रीच भिजत घातलेल्या हरभऱ्यांच्या घुगऱ्या झाल्या. काका हातपाय धुऊन आले. काकींनी त्यांच्या डोक्यावरून स्वतःची शाल पांघरली, पदरासारखी. पोरं लोळायला लागली हसून.

आणि मग एकदम शांत झालं, कारण सगळ्यांना एकच धास्ती. हा माणूस वादळाचंच नाव ठेवणार. सकाळपासून टीव्हीवर त्या वादळाचं ते परदेशी नाव शंभरदा ऐकलं होतं. दत्ता हळूच म्हणाला, "काका, मुक्ता ठरलंय. मुक्ता."

"माहितीये रे," काका म्हणाले. "गप्प बस. आत्याला शिकवतो."

ते वाकले. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. नावाला एवढा वेळ लागत नाही. काय सांगितलं ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. काकी म्हणतात, त्यांनी समुद्राची भरती-ओहोटी समजावली. मग त्यांनी मान वर केली, सगळ्यांना ऐकू जाईल असं "मुक्ता" म्हटलं, आणि पुन्हा वाकून कानात असं काही जोरदार "कुर्रर्र" केलं, की बाळानं भोकाड पसरलं.

झालं. आत्यानं कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाधप मारायचे, ही तर सगळीकडचीच रीत. सोनीबाईंनी पहिला दिला. मग त्यांच्या सुना, मग काकी. काकींनी तर पन्नास वर्षांचं सगळं वसूल केलं असावं. मग पोरं. सत्तरीच्या त्या माणसाच्या पाठीवर ढोल वाजवावा तसे हात पडत होते आणि ते शाल सांभाळत, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढत, इथल्या सवयीनं अर्धं गुजरातीत ओरडत होते, "आलं! आलं! मजा आवी गई! अरे, आलं रे वादळ!"

मीपण मारला एक. हळूच. पण मारला.

सासूबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग, "बाप्या माणसानं? लेकराच्या कानात? बाप्या माणसानं कुर्र केलं?" आणि फोन ठेवला. चार दिवसांत गाड्या सुरू झाल्या आणि त्या एकट्याच आल्या. परतीची तिकिटं काढूनच. त्यांचं एक आणि माझं एक.

आल्या त्या दिवसापासून त्यांनी काकांशी एक शब्द नाही. समोर दिसले की पदर पुढे ओढून तोंड फिरवायच्या. काका विहिरीकडे जायला घराला पूर्ण वळसा घालायचे. मला म्हणाले, "तुझी सासू म्हणजे लाल इशारा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

मी पिशव्या भरायला काढल्या होत्या. भरत होते आणि मध्येच थांबत होते. आठ दिवसांपूर्वी ह्याच मी आनंदानं भरल्या असत्या. आता बाळाचं एकेक दुपटं घडी घालताना वाटत होतं, उद्यापासून खिडकीत कोण येणार? आणि दत्ता संध्याकाळी आला की कुणाला उचलणार? पण सासूबाईंना 'येत नाही' म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. 'चालेल' म्हणणं वेगळं आणि 'नाही' म्हणणं वेगळं.

निघायच्या आदल्या दुपारी जोराचं वारं सुटलं आणि गडगडलं. आम्ही काकींच्या पडवीत बसलो होतो. मुक्ता दचकून रडली. सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणाल्या, "उगी माय, उगी. हे काय वारं म्हणावं का? आमच्याकडं गार पडली म्हंजी कळंल."

ओट्यावर पाठमोरे बसलेले काका हळूच वळले. "गार?"

इथल्या समुद्रानं त्यांना सगळं दाखवलं होतं, पण गारपीट त्यांनी कधी बघितलेली नव्हती. मला त्यांनी एकदा विचारलं होतं, पण मी काय सांगणार? गार पडली की मी गोधडीखाली. मला फक्त आवाज माहीत होता.

ते उठून पडवीच्या पायरीवर येऊन बसले. लाल इशारा विसरले. "ताई, केवढी असते हो गार?"

सासूबाईंनी पदर ओढला. मग माझ्याकडे बघून, म्हणजे मला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "आवळ्याएवढी बी असती. येकदा तर लिंबापेक्षा मोठी, काटेवाली."

"काटेवाली!"

"व्हय. हा दत्ता तवा येवढुसा हुता." आणि त्या सांगायला लागल्या. गव्हाला दाणा भरला होता. दुपारी अंधार झाला. वासरू खुट्याला राहिलं होतं, तर सासरे डोक्यावर बाज घेऊन वासराकडे पळाले. बाजेवर दगड पडल्यासारखा आवाज. पत्रे फुटले. कडूलिंबाला एक पान राहिलं नाही. काका मध्ये मध्ये फक्त "मग?" म्हणत होते. पण त्यांचं 'मग' असं, की माणसाला थांबताच येऊ नये. सासूबाईंचा पदर केव्हाच मागे सरला होता. आता त्या थेट काकांकडे बघून बोलत होत्या.

"पाऊस थांबला न् आम्ही भाईर आलाव. समदं रान पांढरं. गहू गेलता. माणसं रडायलीती. ह्यो दत्ता गारा वेचून साखर लावून खायलाता, त्याला म्या धपाटा घातला." त्या मुक्ताची पाठ थोपटत राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "लई चांगलं दिसायलतं ओ पर ते. ऊन पडलं वरून. येवढं चांगलं म्या कवाच बघितलं न्हाई. पर त्या दिवशी कुणाला म्हणावं तसं? चूल न्हाई पेटली घरात. कुणाला म्हणावं?"

काका पायरीवरच थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, "मला म्हणा ना, ताई."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि हसल्या. मी त्यांना तशा हसताना बघितलं नव्हतं. लाजल्यासारख्या. मग त्यांनी ते रान पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी गव्हाबद्दल काही नाही. फक्त कसं दिसत होतं ते.

संध्याकाळी काकी चिकू भरलेली पेटी घेऊन आल्या, गावाकडे न्यायला. सासूबाईंनी ती उचलून बघितली आणि म्हणाल्या, "ही मला येकटीला जड व्हईल. दत्ताला सांगा स्टेशनापातूर यायला."

"एकटीला?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या भरलेल्या पिशवीतून मुक्ताची दुपटी काढून कॉटवर ठेवली. "तुला यायचंय का?"

मी मान हलवली. 'नाही' म्हणून. एवढं सोपं होतं ते, हे मला माहीतच नव्हतं.

"मग ऱ्हा की. लेकराचा बाप हितं, आत्या हितं," त्या म्हणाल्या. "तिथं येऊन काय करतीस?"

आता मुक्ता चालायला लागलीय. काकांची दाढीची वाटी ती दोनदा सांडवून बसलीय. परवा मार्चमध्ये दुपारी फोन वाजला, सासूबाईंचा. मी उचलला तर म्हणाल्या, "तू नगं. जनूभाऊला दे, पळ. गार पडायली. हरभरा घरात आलाय, भिऊ नगंस, पळ!"

मी पळत ओट्यावर गेले. काकांनी फोन घेतला, कानाला लावला, आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तिकडे सासूबाईंनी फोन पत्र्याखाली धरला असणार. काकांनी डोळे मिटले. काकींनी टीव्ही बंद केला. काकांच्या मांडीवर चढलेल्या मुक्ताला मी उचलून घेतलं, तर ती फोनकडे हात करून रडायला लागली. मग काकांनी डोळे न उघडताच फोनचा आवाज मोठा केला, आणि आम्ही सगळे खाली बसलो, एकमेकांना चिकटून. मी कान पुढे केला. आधी खूप लांबून, मग अगदी जवळून, परभणीकडच्या पत्र्यावर गारा पडत होत्या.